नकाशातल्या कोऱ्या जागेकडे निघालेला माणूस

अकरावीच्या भूगोलातला स्थलनिर्देशक नकाशा आठवतोय? तोच तो, तपकिरी रेघांच्या जाळ्याचा. प्रॅक्टिकलच्या मार्कांपुरता आपण त्याच्याकडे बघतो आणि वर्ष संपलं की जर्नलसकट तो रद्दीत जातो. सह्याद्रीत नेमाने भटकणारे थोडे लोक सोडले, तर त्या रेघांकडे पुन्हा कोण बघतंय! पण एका माणसाने असाच एक नकाशा समोर ठेवून स्वतःचं उरलेलं आयुष्य कुठे काढायचं ते ठरवलं होतं. ही त्याची गोष्ट. आणि तिच्यात एक मासासुद्धा आहे.

माणसाचं नाव होरेस केफार्ट. साल १९०४. वय बेचाळिशीला टेकलेलं. नोकरी गेलेली, बायको सहा मुलांना घेऊन आपल्या माहेरगावी निघून गेलेली, दारूने शरीर पोखरलेलं. काही महिन्यांपूर्वी ज्या शहरात त्याला मान होता, तिथल्या वर्तमानपत्रांत त्याच्या कोसळण्याच्या बातम्या छापून आल्या होत्या. आता त्याला लांब जायचं होतं, आणि जायचं होतं ते अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या अ‍ॅपलाचियन डोंगरांत. तिथलं काही वाचायला मिळतंय का, म्हणून त्याने शोध घेतला. गंमत बघा, पुस्तकं शोधून देणं हाच ज्याचा पेशा, त्याला त्या मुलखाबद्दल अलीकडच्या काळातला एक धड लेखसुद्धा सापडला नाही. शेवटी त्याने नकाशा घेतला. कंटूरच्या रेषा कुठे दाटीवाटीने आल्यात आणि वस्तीची खूण कुठे दिसत नाही, एवढंच पाहिलं. उत्तर कॅरोलिना आणि टेनेसी या दोन राज्यांच्या सीमेवर ग्रेट स्मोकी डोंगररांग आहे. तिथे त्याला हवी तशी कोरी जागा दिसली. ठरलं.

आता माशाकडे येऊ. त्याच डोंगरांत आज ब्रुक ट्राउट शोधायला निघालेली मंडळी नेमकं हेच करतात. केफार्टची रीत आणि त्यांची रीत यात फारसा फरक नाही.

ब्रुक ट्राउट म्हणजे वीतभर लांबीचा, ओढ्यातला मासा. नावात ट्राउट असलं तरी शास्त्राच्या हिशेबाने तो चार नावाच्या जवळच्या गटातला. पाठीवर किडे वळवळल्यासारखी नक्षी, अंगावर लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती निळं वलय, खालच्या परांना पुढून पांढरी किनार. तिथले डोंगरी लोक त्याला ठिपक्यांवरूनच ओळखतात, त्याचं नावही त्यांनी ठिपकेवाला असंच ठेवलंय. स्मोकी डोंगरांत मुळापासून राहणारा ट्राउट म्हणावा असा हा एकच. बाकीचे दोन पाहुणे आहेत. रेनबो ट्राउट अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा आणि ब्राऊन ट्राउट युरोपातला. दोघांनाही माणसाने आणून सोडलं.

हा मासा थंड पाण्याचा. पाणी २० अंशांच्या वर फार काळ राहिलं की त्याचा जीव घुसमटतो. कॅनडात त्याला सखल भागातही राहता येतं. पण दक्षिणेत, जॉर्जिया आणि कॅरोलिनाच्या उन्हात, थंडावा मिळतो तो फक्त उंचीवर. म्हणून नकाशा घ्यायचा आणि साधारण ३,००० फुटांच्या, म्हणजे ९०० मीटरच्या वरच्या बारीक निळ्या रेघा बघायच्या. जाड रेघ सोडून द्यायची. तो मोठा ओढा, तिथे रेनबोचं राज्य. बारीक रेघेवर बोट ठेवून वर वर जायचं. जिथे तपकिरी रेषा एकमेकींना चिकटून त्या निळ्या रेघेला आडव्या जातात, तिथे पाणी उभ्या कड्यावरून पडतंय, धबधबा आहे, असं समजायचं. खालून आलेला रेनबो तो धबधबा चढू शकत नाही. त्यामुळे ठिपकेवाला असलाच तर धबधब्याच्या वर. शेवटचं म्हणजे रस्त्यापासूनचं अंतर मोजायचं. ते जितकं जास्त, तितकी आशा जास्त. बास! आपल्याकडे घाटवाटा हुडकणारी पोरं टोपोशीटवर जसा तास-तास घालवतात, तसाच हा नाद आहे.

आणि प्रत्यक्ष तिथे पोचलं की काय? ओढा दोन-तीन हात रुंद. दोन्ही बाजूंनी ऱ्होडोडेंड्रॉनची अशी दाट झाडी की काठी सरळ धरता येत नाही. डोंगरी लोक त्या झाडीला लॉरेल म्हणतात आणि तिच्या मोठमोठ्या पट्ट्यांना चक्क नरक म्हणतात. आत शिरलेला माणूस तासाभरात काही पावलंच पुढे सरकतो, म्हणून हे नाव.

केफार्ट अशाच मुलखात येऊन पडला. पण त्याआधीचा केफार्ट कोण होता हे बघायला हवं, नाहीतर तो कुठून पडला ते कळणार नाही.

जन्म ८ सप्टेंबर १८६२ चा, पेनसिल्व्हेनियातला. लहानपणी कुटुंब आयोवाच्या गवताळ मैदानात राहायला गेलं. पोरगं हुशार. लेबनॉन व्हॅली कॉलेजची पदवी घेतली, पुढे बॉस्टन, मग कॉर्नेल. कॉर्नेलच्या ग्रंथालयात विलर्ड फिस्के नावाच्या मोठ्या ग्रंथपालाच्या हाताखाली काम केलं. या फिस्केने इटलीतला कवी पेट्रार्क याच्याविषयीची पुस्तकं जमवायचा ध्यास घेतला होता, आणि त्या संग्रहाच्या याद्या करायला त्याने केफार्टला फ्लॉरेन्सला नेलं. नंतर येल विद्यापीठाचं ग्रंथालय. १८८७ मध्ये लॉराशी लग्न. १८९० मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, सेंट लुईसच्या मर्कंटाइल लायब्ररीचा प्रमुख. आजच्या भाषेत एकदम सेटल्ड.

पण ग्रंथालयात बसून तो वाचायचा काय, तर पश्चिमेकडच्या सीमेवरच्या लोकांच्या हकिकती, जुन्या रायफली, शिकाऱ्यांचं सामान. सुटी मिळाली की रानात जायचा. हळूहळू सुट्या लांबायला लागल्या. ग्रंथालयाच्या कामात लक्ष कमी आणि शिकारीच्या मासिकांत लेख जास्त. दारूही वाढली. १९०३ मध्ये नोकरी गेली. १९०४ च्या मार्चमध्ये तो पुरता कोसळला. जीव द्यायच्या विचारापर्यंत गोष्ट गेली, इस्पितळात ठेवावं लागलं. तोपर्यंत लॉराने मुलांना घेऊन इथाका गाठलं होतं. त्याला सावरायला ओहायोतल्या डेटन शहरात राहणारे आईवडील तेवढे उरले.

इथे मला थांबावंसं वाटतं. अशा गोष्टी आपल्याला सांगितल्या जातात तेव्हा त्यांना एक रोमँटिक झाक दिली जाते. जॉब सोडला, डोंगरात गेला, स्वतःला शोधलं वगैरे. केफार्टने जॉब सोडला नव्हता, त्याच्या हातून तो गेला होता. आणि तो डोंगरात गेला तेव्हा सहा मुलांचं घर एका बाईच्या अंगावर पडलं. लॉरा आणि त्याचा घटस्फोट कधी झाला नाही, पण संसारही पुन्हा उभा राहिला नाही. केफार्टचं चरित्र वाचताना लॉराकडे बघायचं विसरू नका, एवढंच म्हणतो.

१९०४ च्या उन्हाळ्यात तो उत्तर कॅरोलिनात आला. आधी डिक्स क्रीक नावाच्या ओढ्याकाठी तंबू ठोकला, मग हिवाळ्याच्या तोंडाशी नकाशावर हेरलेल्या जागेकडे, हेझल क्रीकच्या खोऱ्यात निघाला. त्याला आत नेणारा ग्रॅनव्हिल कॅलहून हा तिथलाच माणूस. आलेला पाहुणा दारूने इतका खंगला होता की खेचरावर नीट बसताही येत नव्हतं, आणि कॅलहूनच्या घरच्यांनी त्याची कितीतरी दिवस शुश्रूषा केली, ही आठवण कॅलहून पुढे म्हातारपणापर्यंत सांगत असे. जरा उभं राहता येऊ लागल्यावर केफार्ट एका बंद पडलेल्या तांब्याच्या खाणीजवळच्या लाकडी खोपटात राहायला गेला. जवळचं गाव मेडलिन. गाव म्हणजे काय, पाटी नसलेली दोन दुकानं, मक्याची एक चक्की आणि चार घरं.

नकाशा कोरा होता, जागा कोरी नव्हती. त्या खोऱ्यात, डोंगराच्या घड्यांत, कुटुंबं विखरून राहत होती. मका लावत होती, डुकरं रानात सोडत होती, अस्वलाची शिकार करत होती, चोरून दारू गाळत होती. त्यांच्याआधी हा सगळा मुलूख चेरोकी लोकांचा होता. १८३८ मध्ये त्यांतल्या बहुतेकांना सैन्य लावून पश्चिमेला हाकललं. जे मागे राहिले त्यांचे वंशज आजही या डोंगरांच्या पायथ्याशी आहेत. ब्रुक ट्राउट कुठल्या ओढ्यात मिळतो हे या लोकांना नकाशाशिवाय माहीत होतं.

हेझल क्रीकवर तो जेमतेम तीन वर्षं राहिला. पण त्या तीन वर्षांत त्याने जे बघितलं, ऐकलं, वह्यांत टिपलं, ते त्याला जन्मभर पुरलं. ग्रंथपालाची सवय! डोंगरी बोलीतले शब्द, चुलीच्या पद्धती, दारूच्या भट्टीची रचना, सगळं नोंदवून ठेवलं. १९०६ मध्ये त्याचं कॅम्पिंगवरचं पुस्तक आलं आणि पुढे ते दोन खंडांचं झालं. तंबू कुठे लावायचा, पावसात जाळ कसा करायचा, पाठीवर किती वजन घ्यायचं, मासा कसा साफ करायचा आणि कसा शिजवायचा, सगळं त्यात आहे. आजही ते छापलं जातं. मासे पकडण्यासाठी मात्र त्याचं नाव नाही. त्याचा खरा जीव रायफलीत. पण ट्राउटवाल्यांच्या पिढ्यान् पिढ्या त्याचं पुस्तक सॅकमध्ये घेऊन त्या ओढ्यांवर गेल्या, हे खरं.

१९१० पासून तो ब्रायसन सिटी या लहानशा गावात राहू लागला आणि १९१३ मध्ये तिथल्या डोंगरी लोकांवरचं त्याचं पुस्तक आलं. ते खूप गाजलं. पण त्यात दारूच्या भट्ट्या आणि खूनखराब्याला जरा जास्तच जागा मिळालीय, आमच्या आजोबा-पणजोबांना त्याने जगापुढे रानटी करून ठेवलं, अशी त्या भागातल्या अनेकांची तक्रार आजही आहे. मला ती तक्रार रास्त वाटते. मात्र ते पुस्तक नसतं तर त्या लोकांच्या बोलण्याची आणि जगण्याची इतकी बारीक नोंदही उरली नसती, हेही मान्य करावं लागतं.

त्याच सुमारास हेझल क्रीकवर लाकूड कंपनी आली. डब्ल्यू. एम. रिटर हे तिचं नाव. खोऱ्यात रेल्वेचे रूळ आले, प्रॉक्टर नावाचं गाव एकाएकी फुगलं, आणि दीड-दोन दशकांत डोंगर बोडके झाले. हे फक्त एका खोऱ्यात घडलं नाही, स्मोकीच्या दोन्ही उतारांवर घडलं. ओढ्यावरची सावली गेली की ऊन थेट पाण्यावर. पाणी तापतं. पावसात उघडी माती वाहून येते आणि वाळूखडीच्या तळावर बसते. ब्रुक ट्राउट शरद ऋतूत त्याच खडीत अंडी घालतो. गाळाखाली ती गुदमरतात. काही ओढ्यांवर तर लाकडी बांध घालून पाणी तुंबवायचे आणि मग एकदम सोडून ओंडके खाली वाहून न्यायचे. त्या लोंढ्याने ओढ्याचा तळच खरवडून निघायचा. मासे संपले तशी तक्रार झाली, मग त्यावर उपाय म्हणून रेनबो आणून सोडला. रेनबो जरा जास्त ऊब सोसतो आणि अंगाने वाढतोही भराभर. जंगल पुन्हा उगवलं, पाणी पुन्हा गार झालं, पण खालच्या घरात आता दुसराच भाडेकरू बसला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रुक ट्राउट जेवढ्या ओढ्यांत होता, त्यातला सुमारे तीन-चतुर्थांश मुलूख आजच्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत त्याच्या हातून गेला.

ज्या डोंगरांमुळे आपण जिवंत राहिलो ते डोळ्यांदेखत संपताहेत, हे केफार्टला सहन होईना. १९२० च्या दशकात स्मोकीचं राष्ट्रीय उद्यान व्हावं म्हणून चळवळ उभी राहिली आणि हा एकटा राहणारा, गर्दीला बुजणारा माणूस तिच्यासाठी झपाटल्यासारखा लिहू लागला. लेख, पत्रकं, पत्रं. त्याच्या जोडीला होता जॉर्ज मासा. जपानमधून आलेला, अ‍ॅशव्हिल शहरात फोटो स्टुडिओ चालवणारा बुटका, काटक माणूस. केफार्टने लिहायचं आणि मासाने जड कॅमेरा पाठीवर घेऊन शिखरं चढायची. मासाकडे एक भन्नाट जुगाड होतं. सायकलचं एक चाक, त्याला अंतर मोजायचं यंत्र. ते ढकलत ढकलत त्याने पायवाटांची लांबी मोजली. नकाशांवर एकाच नावाचे अनेक ओढे आणि एकाच शिखराला दोन-दोन नावं, असा सगळा घोळ होता. तो निस्तरायच्या समितीवर हे दोघे होते. कोरी जागा बघून आलेल्या माणसाने त्या जागेत नावं भरायला मदत केली.

१९२६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने उद्यानाला मंजुरी दिली, १९२८ मध्ये रॉकफेलर कुटुंबाच्या निधीतून ५० लाख डॉलर आले आणि जमीनखरेदीला वेग आला. कुणाची जमीन? लाकूड कंपन्यांची तर होतीच, पण बाराशेहून अधिक जमीनमालकांना जागा सोडावी लागली. त्यांत लहान शेतकरी होते. केफार्टला ज्यांनी मक्याची भाकर खाऊ घातली तशी कुटुंबं होती. कोयनेच्या किंवा चांदोलीच्या आसपासचे असाल तर ही बाजू तुम्हाला वेगळी समजावून सांगायला नको. केफार्टने ही किंमत पुरेशी मोजली होती का? मला नाही वाटत.

उद्यान त्याने पाहिलं नाही. २ एप्रिल १९३१ रोजी ब्रायसन सिटीजवळ भाड्याच्या गाडीला अपघात झाला आणि केफार्ट आणि त्याच्याकडे आलेला एक लेखक, दोघेही गेले. दारूबंदीचा काळ होता. दोघे चोरटी दारू आणायला गेले होते, असं त्याचे चरित्रकार सांगतात. म्हणजे डोंगरांनी त्याला वाचवलं खरं, पण पूर्ण बरं केलं नव्हतं. त्याला ब्रायसन सिटीतच पुरलं. मासा दोन वर्षांनी, १९३३ मध्ये, जवळपास कफल्लक अवस्थेत वारला. केफार्टशेजारी पुरावं अशी त्याची इच्छा होती, पण त्याला अ‍ॅशव्हिललाच पुरण्यात आलं. उद्यान अधिकृतपणे झालं १९३४ मध्ये. पुढे महायुद्धाच्या काळात फोंटाना धरण झालं आणि हेझल क्रीककडे जाणारा जुना रस्ता पाण्याखाली गेला. आज तिथे जायचं तर होडीने तलाव ओलांडायचा, नाहीतर लांबून चालत यायचं. त्या काठच्या जुन्या कबरस्तानांना भेट द्यायला विस्थापितांचे वंशज अजूनही होडीतून येतात.

आणि ठिपकेवाला? त्याच्यासाठी उद्यानाने १९७६ मध्ये त्याला पकडायलाच बंदी घातली. तीस वर्षांनी, २००६ मध्ये ती उठवली, कारण अभ्यासातून दिसलं की गळाने पकडल्याने त्याची संख्या फारशी हलत नाही, ती हलते दुष्काळाने आणि पुराने. दरम्यान काही ओढे निवडून, खालच्या बाजूला धबधब्याची नैसर्गिक भिंत आहे ना हे बघून, वरचे सगळे रेनबो काढून टाकले आणि जवळच्या ओढ्यांतले मूळचे ब्रुक ट्राउट तिथे आणून सोडले. टेनेसीच्या बाजूचा लिन कॅम्प प्राँग हा त्यातला मोठा ओढा. तिथे आता तो पुन्हा नांदतोय.

तुमच्यातले काहीजण पुढे शिकायला अमेरिकेत जातील. अटलांटा किंवा शार्लटला गेलात तर स्मोकी गाडीने काही तासांवर आहे. गर्दीला घाबरू नका. वर्षाला एक कोटीहून जास्त लोक येतात, पण बहुतेक सगळे गाडीच्या काचेतून डोंगर बघून परततात. राज्याचं लायसन्स काढा. जिवंत आमिष चालत नाही, एकच गळ असलेली कृत्रिम माशी लागते, आणि सात इंचांपेक्षा लहान मासा परत सोडावा लागतो. बहुतेक वेळा तुम्हाला मिळेल तो तेवढाच असेल.

मग नकाशा उघडा. मुख्य डोंगरकण्यावर केफार्टच्या नावाचं शिखर आहे, ६,२०० फुटांच्या जरा वर. त्याच्या अंगावरून उतरणारा एक ओढा आहे, तोही त्याच्याच नावाचा, केफार्ट प्राँग. महामार्गापासून वाट सुरू होते, लाकडी साकवांवरून ओढा ओलांडत दोनेक मैलांवर निवाऱ्याच्या झोपडीपाशी पोचते. वाटेत १९३० च्या दशकातल्या मजुरांच्या छावणीचे अवशेष लागतील. तिथे थांबू नका, खालच्या पाण्यात रेनबोच जास्त. रेघ बारीक होईपर्यंत वर चढत जा. डोह दिसला की खालच्या बाजूने, वाकून, दगडाआड राहून या. मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो, त्याची पाठ तुमच्याकडे असते. फेसाळ पाणी आणि संथ पाणी जिथे भेटतं, त्या सीमेवर माशी अलगद टाका. कपडे भडक नकोत. तुमची सावली पाण्यावर पडली तर तो दगडाखाली गेलाच म्हणून समजा. मग त्या डोहाचा नाद सोडायचा आणि पुढचा बघायचा.